आग इथेच लागली, हे कशावरून?

‘शॉर्टसर्किटमुळे आग लागल्याचा प्राथमिक अंदाज आहे.’ आगीच्या बातमीतलं हे वाक्य आपण इतक्या वेळा वाचलेलं असतं, की त्यावर नजर ठरतच नाही. ढिगारा अजून धुमसत असतो आणि कारण मात्र छापून झालेलं असतं. वितळलेली वायर सापडली की शॉर्टसर्किट ठरलं. पण वीज चालू असेल तर आगीच्या तडाख्यात वायरचं आवरण जळतं, उघड्या तारा एकमेकींना टेकतात, ठिणगी पडते आणि तांब्याच्या टोकाला बारीक गोल मणी तयार होतो. आग दुसऱ्याच कशाने लागलेली असली तरी हे घडतं. म्हणजे तो मणी आगीचं कारण असू शकतो, तसाच आगीचा परिणामही. नुसतं बघून दोन्हींत निवाडा करता येत नाही.

हा फरक धरून बसणं हे ज्याचं काम, तो म्हणजे शहराच्या अग्निशमन दलातल्या आग तपास पथकाचा पर्यवेक्षक. न्यूयॉर्कच्या दलात या पदाला ‘सुपरवायझिंग फायर मार्शल’ म्हणतात. इतरत्र नावं वेगळी असतात. त्याच्या हाताखालचे अधिकारी जळालेल्या जागी जातात, राख उपसतात, फोटो काढतात, नमुने डब्यात बंद करतात, लोकांशी बोलतात. कुठल्या आगीवर किती माणसं पाठवायची, छत कोसळायच्या बेतात असताना आत कोणी जायचं की नाही, नमुना कोणाच्या हातून कोणाकडे गेला याची नोंद अखंड आहे ना, हे सगळं पर्यवेक्षक पाहतो. पण मला त्याचं सर्वांत मोलाचं काम वाटतं ते याच्या पुढचं. अधिकारी अहवाल घेऊन समोर येतो, तेव्हा पर्यवेक्षक विचारतो, “हे तुला कशावरून कळलं?”

या प्रश्नाला एवढं वजन का, हे समजायला बंद खोलीत आग कशी वाढते ते पाहायला हवं. समजा, सोफा पेटला. तापलेला धूर वर जाऊन छताखाली साचतो. त्याचा थर जाड होत खाली सरकतो आणि तापतही जातो. तो साधारण ६०० अंश सेल्सियसच्या आसपास पोचला, की त्यातून खाली फेकल्या जाणाऱ्या उष्णतेने खोलीतल्या इतर वस्तूही पेटतात. टेबल, पडदे, जमिनीवरचा गालिचा, सगळं जवळजवळ एकाच वेळी. याला फ्लॅशओव्हर म्हणतात. तोवर खोलीतली एक वस्तू जळत असते, त्यानंतर अख्खी खोली जळते.

जुने तपास अधिकारी पिढ्यान्‌पिढ्या शिकत आले होते, की आग वर चढते, त्यामुळे जमिनीवर डबक्याच्या आकाराचे जळके डाग दिसले तर तिथे पेट्रोल ओतलेलं असणार. फ्लॅशओव्हर झालेल्या खोलीत मात्र पेट्रोलचा थेंबही नसताना जमिनीवर असेच डाग उमटतात. काचेवरच्या बारीक तड्यांचंही तेच. ते तडे म्हणजे आग अतिवेगाने भडकल्याची खूण, असं मानलं जाई. १९९१ मध्ये कॅलिफोर्नियात ओकलंडच्या टेकड्यांवर लागलेल्या प्रचंड आगीनंतर जळक्या घरांच्या काचा तपासल्या गेल्या आणि प्रयोगही झाले. तापलेल्या काचेवर पाणी पडून ती झटकन थंड झाली की तसे तडे जातात, असं त्यातून दिसलं. म्हणजे आग विझवणाऱ्यांनी मारलेल्या पाण्याची खूण आग लावणाऱ्याच्या नावावर जमा होत होती.

हे प्रकरण पुस्तकी चर्चेपुरतं राहिलं नाही. १९९० मध्ये फ्लोरिडातल्या जॅक्सनव्हिल शहरात लाइम स्ट्रीटवरच्या एका घराला आग लागून सहा जण गेले. पेट्रोल ओतून आग लावल्याचा आरोप घरातल्याच एका माणसावर आला. सरकारी पक्षाने स्वतःच्याच आरोपाची परीक्षा घ्यायचं ठरवलं. शेजारी तसंच एक पडीक घर होतं. ते तशाच सामानाने सजवून, पेट्रोल न वापरता, फक्त सोफा पेटवून जाळून पाहिलं. फ्लॅशओव्हरला पंधरा-वीस मिनिटं लागतील असा तज्ज्ञांचा अंदाज होता. तो पाच मिनिटांच्या आतच झाला, आणि जमिनीवर नेमके तेच डाग उमटले. आरोप मागे घेण्यात आला.

त्याच सुमाराला, १९९१ च्या डिसेंबरमध्ये, टेक्सासमधल्या एका घरात तीन लहान मुली आगीत दगावल्या. त्यांच्या बापाविरुद्ध असेच डाग आणि असेच तडे पुरावा म्हणून उभे राहिले. २००४ मध्ये त्याला मृत्युदंड दिला गेला. पाच वर्षांनी राज्याच्या न्यायवैद्यक आयोगाने नेमलेल्या तज्ज्ञाने लिहिलं, की आग मुद्दाम लावली होती या निष्कर्षाला शास्त्रीय आधार नव्हता. हे वाचलं की माझं मन मूळ तपास अहवालाच्या पहिल्या कच्च्या मसुद्याकडे जातं. तो टेबलावर आला तेव्हा कुणी तरी ‘कशावरून?’ असं चार वेळा विचारायला हवं होतं.

अमेरिकेत आग तपासासाठी ‘एनएफपीए ९२१’ नावाची मार्गदर्शिका १९९२ मध्ये निघाली. तिचा गाभा साधा आहे: अंदाज बांधा आणि मग तो खोटा ठरवायचा कसून प्रयत्न करा. तरीही जुनी सवय सुटायला वेळ लागतो. २००५ मध्ये लास व्हेगासजवळ दोन खोल्या पेटवून, फ्लॅशओव्हरनंतर सुमारे दोन मिनिटं जळू देऊन विझवल्या. मग ५३ तपासनिसांना विचारलं, आग खोलीच्या कुठल्या चतुर्थांशात सुरू झाली? प्रत्येक खोलीचं बरोबर उत्तर फक्त तिघांनी दिलं. डोळे मिटून बोट ठेवलं असतं तरी तेराएक जण बरोबर आले असते! कारण असं, की फ्लॅशओव्हरनंतर आग हवेच्या मागे जाते. दारा-खिडकीपाशी प्राणवायू मिळतो, म्हणून तिथे सर्वांत खोल जळतं. अनुभवी डोळा त्या खोल जळालेल्या जागेकडेच ओढला गेला.

म्हणून चांगला पर्यवेक्षक अहवाल तपासताना खिडकी केव्हा फुटली, दार कोणी उघडलं, आत पहिल्यांदा शिरलेल्या जवानाला ज्वाळा कुठे दिसल्या, हे आधी विचारतो. कुत्र्याने वास घेऊन पेट्रोलची जागा दाखवली असली तरी प्रयोगशाळेचा दुजोरा येईपर्यंत तो पुरावा धरत नाही. घरमालक कर्जात होता, नवरा-बायकोचं भांडण झालं होतं, असली माहिती राख तपासणाऱ्याच्या कानावर शक्यतो उशिरा पडेल असं बघतो. ती एकदा कानी पडली की डागांचे आकारही तसेच दिसू लागतात. आणि पुरावा पुरेसा नसेल, तर ‘कारण अनिश्चित’ असं लिहू देतो. बाकीच्या शक्यता बाद झाल्या म्हणून, हाती काही नसताना, उरलेली शक्यता खरी मानायची पद्धत त्या मार्गदर्शिकेने साफ नाकारली आहे. विमा कंपनी, पोलीस, वरिष्ठ, दुःखातलं कुटुंब या सगळ्यांना उत्तर हवं असताना ‘अनिश्चित’ या शब्दाखाली सही करायला धैर्य लागतं. त्या सहीबद्दल मला मनापासून आदर वाटतो.

अशा काटेकोर नोंदी शहरभरातून एकाच टेबलावर जमा होतात, तेव्हा एकेकट्या अधिकाऱ्याला न दिसणारं दिसू लागतं. न्यूयॉर्कमध्ये तपास अधिकारी आगीच्या कारणापुढे विजेच्या सायकली आणि स्कूटरच्या लिथियम-आयन बॅटऱ्या असं पुनःपुन्हा लिहू लागले. त्या आगींची गणती वेगळी ठेवली गेली. २०२३ या एका वर्षात तिथे अशा २६८ आगी लागल्या आणि १८ माणसं गेली. त्याच वर्षीच्या सप्टेंबरपासून सुरक्षेचं प्रमाणपत्र नसलेल्या अशा बॅटऱ्या विकायला शहरात बंदी आली. त्या नोंदींत ‘शॉर्टसर्किटचा अंदाज’ एवढंच लिहून फाइल बंद केली असती, तर बॅटऱ्यांकडे लक्ष जायला आणखी किती आगी लागल्या असत्या?