उतरता येतं, पण निघायचं कसं?

अमेरिकेच्या कोलोरॅडो राज्यात लेडव्हिल नावाचं एक जुनं गाव आहे, चांदीच्या खाणींवर वाढलेलं. तिथला विमानतळ समुद्रसपाटीपासून ९,९३४ फुटांवर आहे. उत्तर अमेरिकेतला हा सर्वांत उंच सार्वजनिक विमानतळ. इथे विमान उतरवलं की प्रमाणपत्र मिळतं आणि त्यासाठी हौशी पायलट मुद्दाम वाट वाकडी करून येतात. माझ्या मते ते प्रमाणपत्र निघताना द्यायला हवं. धावपट्टी ६,४०० फूट लांब असल्यामुळे उतरणं तसं निभावतं. खरी कसोटी लागते ती परत उडताना.

उदाहरणाला सेस्ना १७२ घेऊ. पुढे एक पंखा, आत चार माणसांची जागा, आणि जगात सर्वाधिक संख्येने बनलेलं हे विमान. त्याच्या १७२एस प्रकारात १८० अश्वशक्तीचं इंजिन असतं. पूर्ण वजन घेऊन समुद्रसपाटीवरून उडालं तर ते मिनिटाला ७३० फूट चढतं. वर जावं तसा हा वेग घटत जातो आणि १४,००० फुटांवर मिनिटाला जेमतेम १०० फुटांवर येतो. त्यापुढे चढण्यात अर्थ नाही असं मानलं जातं.

आता लेडव्हिलमधली उन्हाळ्यातली दुपार धरा, तापमान २० अंश. माणसाला सुखद वाटेल अशी हवा. पण विमानांची सगळी गणितं ज्या प्रमाण वातावरणावर बेतलेली असतात, त्यात या उंचीवरचं तापमान उणे ५ अंशांच्या आसपास धरलेलं असतं. म्हणजे आजची हवा त्याहून २५ अंशांनी गरम आणि त्या मानाने विरळ. पायलटांचा ठोकताळा असा, की प्रत्येक जादा अंशामागे उंचीत १२० फूट मिळवायचे. बेरीज केली की जवळजवळ १२,९०० फूट होतात. याला डेन्सिटी अल्टिट्यूड म्हणतात. चाकं अजून जमिनीवर आहेत, पण विमानाच्या लेखी ते १२,९०० फुटांवर पोचलेलं आहे! त्याच्या हातात उरते ती मिनिटाला दीडशे फुटांची चढण. एक किलोमीटर पुढे जाईपर्यंत पंधरा-सतरा मीटर वर, एवढीच. आणि जवळच १४,४४० फुटांचा माउंट एल्बर्ट उभा आहे.

कॉकपिटमधला वेगदर्शक काटा यातलं काहीच सांगत नाही, ही यातली सर्वांत फसवी गोष्ट. तो काटा जमिनीवरचा वेग मोजत नाही, समोरून येणाऱ्या हवेचा दाब मोजतो. पंखांनाही त्याच दाबाशी कर्तव्य असतं. म्हणून नाक उचलायचा आकडा मुंबईत असो की लेडव्हिलला, तोच राहतो: ५५ नॉट, म्हणजे ताशी साधारण शंभर किलोमीटर. पण हवेची घनता समुद्रसपाटीच्या दोन तृतीयांशावर आली की तेवढाच दाब मिळवायला विमानाला प्रत्यक्षात ६७ नॉटनी पळावं लागतं. गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गानुसार वाढते, म्हणजे इथे दीडपट ऊर्जा हवी. ती द्यायची कोणी? ज्याला स्वतःलाच दम लागलाय त्या इंजिनाने. त्याचीही ताकद दोन तृतीयांशाच्या खाली उतरलेली असते. धावपट्टीवरची धाव दुपटीहून जास्त लांबते ती अशी. इंजिनात हवा दाबून भरणारा टर्बोचार्जर बसवला तर इंजिनाची अडचण सुटते, पंखांची सुटत नाही.

इंजिनाची ताकद कमीजास्त करणाऱ्या थ्रॉटलशेजारी एक लाल मूठ असते, मिक्स्चरची, म्हणजे हवा-पेट्रोलाच्या मिश्रणाची. ती पूर्ण आत ढकलली की इंजिनाला भरपूर पेट्रोल जातं. समुद्रसपाटीवर शिकलेल्या पायलटाच्या हाताला उड्डाणाआधी ती आत ढकलायची सवय लागलेली असते. लेडव्हिलला हीच सवय नडते. हवा कमी आणि पेट्रोल तेवढंच, त्यामुळे इंजिन गुदमरतं, खडखडतं आणि आधीच कमी असलेली ताकद आणखी घालवतं. म्हणून धावपट्टीच्या टोकाशी ब्रेक दाबून, थ्रॉटल पूर्ण देऊन लाल मूठ हळूहळू बाहेर ओढायची. फेऱ्यांचा काटा चढत जातो, एका जागी थांबतो आणि घसरू लागतो. तिथून मूठ किंचित आत, मग ब्रेक सोडायचे.

पुढचा सापळा जमिनीलगत आहे. जमिनीजवळ, साधारण अर्ध्या पंखविस्ताराच्या उंचीपर्यंत, पंखांना मागे खेचणारा हवेचा अवरोध कमी असतो. सेस्नासाठी ही उंची साडेपाच मीटर. विमान तेवढं उचललं जातं, पायलटाला हायसं वाटतं, आणि तिथून ते वर सरकतच नाही. समोर झाडं दिसू लागली की हात आपसूक नाक वर ओढतो, वेग आणखी पडतो. यावर एक जुना नियम आहे. निम्मी धावपट्टी संपेपर्यंत उड्डाणवेगाच्या ७० टक्के वेग आला नसेल तर थ्रॉटल बंद करून थांबायचं. त्यामागे शाळेतलंच गणित आहे. त्वरण स्थिर असेल तर वेगाचा वर्ग अंतराच्या प्रमाणात वाढतो आणि निम्म्या अंतराला वेग ७१ टक्के भरतो.

वर गेल्यावर दऱ्यांचा प्रश्न येतो. काट्यावर तोच वेग आणि विमान तेवढंच कललेलं असलं तरी वळणाची त्रिज्या इथे जवळजवळ दीडपट होते. सपाटीवर जेवढ्या जागेत मागे फिरता येतं, तेवढ्या जागेत इथे फिरता येत नाही, हे अरुंद दरीत शिरल्यावर कळून उपयोग नसतो. म्हणून डोंगरधार ओलांडताना सरळ न जाता ४५ अंशांच्या कोनात जायला शिकवतात. पलीकडून वारा खाली दाबू लागला तर थोड्याच वळणात सुटका होते.

नेपाळच्या लुक्लाला मात्र निघण्याचा प्रश्न उतारावर सोडलेला आहे. ९,३३४ फुटांवरची ही धावपट्टी अवघी ५२७ मीटर लांब, आणि तिचं एक टोक दुसऱ्यापेक्षा सुमारे ६० मीटर उंच. उतरायचं चढावर, उडायचं उतारावर. तिथे अवघड आहे ते उतरणं. वरच्या टोकाला डोंगर असल्यामुळे शेवटच्या टप्प्यात विचार बदलायची सोयच नाही.

मोठ्या विमानांनाही यातून सवलत नाही. १०,६८२ फुटांवरच्या लेहला विमानांची गर्दी सकाळी असते, कारण दुपारी हवा तापते आणि वारे बेभरवशाचे होतात. जुलै २०२४ मध्ये तर उष्म्यामुळे तिथली उड्डाणं रद्द करावी लागली होती.

लेडव्हिलला येणारे जाणते पायलट पहाटेच्या गारव्यात, निम्म्या टाकीवर निघतात. सोबत तिघं असतील आणि सामान जड असेल तर एकट्यानेच विमान उडवतात. बाकीच्यांनी सामानासह मोटारीने दक्षिणेला ब्युएना व्हिस्टा गाठायचं. तिथला विमानतळ सुमारे दोन हजार फुटांनी खाली आहे. टाकी भरून सगळ्यांनी एकत्र बसायचं ते तिथे.