एकध्रुवीय जग
सोव्हिएत युनियन कोसळल्यावर अमेरिका ही एकटीच महासत्ता उरली, त्या रचनेला आणि त्या काळाला एकध्रुवीय जग म्हणतात. याच्या उलट 'बहुध्रुवीय', आणि तो शब्द बातम्यांमध्ये आता इतका सर्रास येतो की वेगळा समजावून सांगायला नको. पण ध्रुव म्हणजे नक्की काय, यावर अभ्यासकांचं अजून जमत नाही. काहींच्या मते लष्कर, पैसा, टेक्नॉलॉजी या सगळ्यातच जो देश इतरांच्या खूप पुढे तो ध्रुव, तर काहींच्या मते ज्याच्याभोवती बाकीचे देश गोळा होतात तो. पहिली व्याख्या मोजायला सोपी, म्हणून तीच जास्त चालते. (खरं तर एकाच ध्रुवाचा लोहचुंबक अजून कुणाला सापडलेला नाही, त्यामुळे उपमा मुळातच जरा लंगडी आहे.)

हा काळ सुरू कधी झाला हा मोठा वादाचा मुद्दा. पाठ्यपुस्तकी तारीख २५ डिसेंबर १९९१, त्या दिवशी सोव्हिएत अध्यक्ष गोर्बाचेव्ह यांनी राजीनामा दिला आणि क्रेमलिनवरचा लाल झेंडा उतरला. काही जण त्याच्याही मागे बर्लिनची भिंत पडली तिथे, म्हणजे ९ नोव्हेंबर १९८९ ला जातात, काही त्यानंतर महिन्याभरात माल्टाला झालेल्या अमेरिकन अध्यक्ष बुश (थोरले) आणि गोर्बाचेव्ह यांच्या भेटीपासून धरतात. अडचण अशी की अमेरिकन स्तंभलेखक चार्ल्स क्राउटहॅमर यांनी 'एकध्रुवीय क्षण' हा शब्दप्रयोग १९९०-९१ च्या हिवाळ्यातच छापला होता, म्हणजे नाव आधी आलं आणि सोव्हिएत युनियन नंतर गेलं!

त्यामुळे २९ नोव्हेंबर १९९० ही तारीख जास्त पटते. त्या दिवशी इराकने बळकावलेलं कुवेत १५ जानेवारीपर्यंत सोडलं नाही तर बळ वापरायला परवानगी देणारा ठराव क्र. ६७८ संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेत १२ विरुद्ध २ मतांनी पास झाला, चीन तटस्थ राहिला, आणि ज्या मॉस्कोने शीतयुद्धात कितीदा तरी व्हेटो वापरला त्याने चक्क बाजूने हात वर केला. विरोधात फक्त क्युबा आणि येमेन, पैकी येमेनची सुमारे ७ कोटी डॉलरची अमेरिकन मदत लगेच बंद झाली. भारतालाही याची झळ तेव्हाच लागली. जानेवारी १९९१ मध्ये इराकविरुद्धच्या युद्धासाठी आखाताकडे निघालेली अमेरिकन लष्करी विमानं मुंबईत सहारला तेल भरायला उतरत होती, अलिप्ततावादी देशाच्या विमानतळावर! चंद्रशेखर सरकार काँग्रेसच्या बाहेरून पाठिंब्यावर उभं होतं, राजीव गांधींनी आक्षेप घेतला आणि फेब्रुवारीत हे बंद झालं. सोव्हिएत युनियन तेव्हा कागदावर जिवंतच होतं.

हे किती टिकेल यावर दोन तट होते. केनेथ वॉल्ट्झ आणि ख्रिस्तोफर लेन या आंतरराष्ट्रीय राजकारणाच्या अमेरिकन अभ्यासकांचं म्हणणं (दोघांचेही लेख १९९३ चे) की एकटा कुणी फार मोठा झाला की बाकीचे आपोआप त्याच्याविरुद्ध जुळतात, लेननी तर २००० ते २०१० अशी मुदतही दिली होती. उलट त्याच क्षेत्रातले विल्यम वोलफोर्थ १९९९ मध्ये म्हणाले की अंतर इतकं प्रचंड आहे की कुणी नादी लागणारच नाही. पहिली दहा-पंधरा वर्षं वोलफोर्थच बरोबर ठरले असं दिसतं. राज्यशास्त्रज्ञ सॅम्युएल हंटिंग्टन यांनी 'एक-बहुध्रुवीय' (एक महासत्ता आणि सोबत अनेक मोठ्या सत्ता) असा मधला शब्द काढला, तो फारसा रुळला नाही.

विरोध झाला तो बराच काळ तोंडीच. रशिया-चीनने एप्रिल १९९७ मध्ये बहुध्रुवीय जगाचं संयुक्त निवेदन काढलं, डिसेंबर १९९८ ला रशियाचे पंतप्रधान प्रिमाकोव्ह दिल्लीत येऊन रशिया-भारत-चीन त्रिकोणाची कल्पना मांडून गेले. मार्च १९९९ मध्ये हेच प्रिमाकोव्ह वॉशिंग्टनला निघाले होते, वाटेत कळलं की नाटो युगोस्लाव्हियावर बाँब टाकणार, तर त्यांनी अटलांटिकवरूनच विमान मागे फिरवलं. बाँब मात्र पडलेच.

शेवट कधी, हे सुरुवातीपेक्षाही धूसर आहे. २००३ चं इराक, २००८ (ऑगस्टमध्ये रशिया-जॉर्जिया युद्ध, सप्टेंबरमध्ये अमेरिकेतल्या लेहमन ब्रदर्स बँकेचं दिवाळं), २०१४ चं रशियाने घेतलेलं क्रिमिया, २०२२ चं युक्रेन, जो तो आपापलं वर्ष धरतो. त्यातल्या त्यात २००८ बरं वाटतं, कारण पुढच्याच वर्षी जूनमध्ये रशियात येकातेरिनबर्गला ब्रिकची (ब्राझील, रशिया, भारत, चीन) पहिली शिखर परिषद झाली. पण मापदंड बदलला की उत्तर बदलतं: खरेदीक्षमतेनुसार (म्हणजे देशोदेशीच्या किमतींतला फरक धरून) मोजली तर चीनची अर्थव्यवस्था २०१४ च्या सुमारास अमेरिकेपुढे गेली, आणि जगाच्या लष्करी खर्चात २०२४ लाही अमेरिकेचा वाटा सुमारे ३७ टक्के होता. भारत सध्या क्वाडमध्येही (अमेरिका, जपान, ऑस्ट्रेलियासोबत) आहे आणि ब्रिकच्याच वाढलेल्या गटात, ब्रिक्समध्येही.