झिंग्यावरची तकाकी आणि झिंग्यावरचा ग्लेअर

समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत असलेल्या नागपुरात झिंगे मागवताना ग्राहकाच्या मनात पहिली शंका ताजेपणाची असते, आणि मेन्यूकार्डावरच्या फोटोला ती एका नजरेत दूर करावी लागते. नीट शिजलेला, रसदार झिंगा त्याच्या पाठीवरच्या ओलसर तकाकीवरून ओळखू येतो. अडचण अशी की फोटो बिघडवणारा ग्लेअरही त्याच पाठीवर, तशाच पांढऱ्या डागाच्या रूपाने उमटतो. मग हॉटेलमालक डाग काढून टाकायला सांगतात, फोटोग्राफर डागासोबत तकाकीही घालवतो, आणि शेवटी कार्डावर छापला जातो तो कोरडा, सकाळपासून ठेवून दिल्यासारखा दिसणारा झिंगा. या दोन गोष्टी वेगळ्या ओळखता आल्या, तर निम्मे काम फोटो काढण्यापूर्वीच होते.

मुळात दोन्ही म्हणजे पदार्थावरच्या तेलाच्या किंवा पाण्याच्या पातळ थरात पडलेले दिव्याचे प्रतिबिंबच. फरक आहे तो त्या प्रतिबिंबाच्या आकारात, कडांमध्ये आणि त्याच्याखाली काय शिल्लक राहते यात. तकाकी रुंद असते, तिच्या कडा हळूहळू विरतात आणि तिच्यातूनही झिंग्याच्या अंगावरचे वळे, मसाल्याचे कण, तव्यावर लागलेला करपट डाग दिसत राहतो. ग्लेअरची कड कापल्यासारखी असते आणि आत काहीच नसते, कारण तिथे आलेला उजेड कॅमेऱ्याच्या सेन्सरच्या क्षमतेपलीकडचा असतो. आठ बिटांच्या फाइलमध्ये लाल, हिरवा आणि निळा हे तिन्ही आकडे तिथे 255 वर, म्हणजे कमाल मर्यादेवर, जाऊन थांबलेले असतात. त्यामुळे फोटो शंभर टक्के मोठा करून त्या पांढऱ्या जागेत वळ्याची रेष सापडते का, एवढे पाहिले तरी निदान होते. रेष सापडली तर त्या जागेला हात लावू नये. सापडली नाही तर संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये ती जागा कितीही काळी केली, तरी तिथे फक्त राखाडी ठिगळ तयार होते.

झिंग्याच्या बाबतीत हा प्रश्न पनीर किंवा चिकनपेक्षा अवघड होतो तो त्याच्या आकारामुळे. त्याची गोलसर पाठ चमच्याच्या मागच्या बाजूसारखी असते. तिच्यात छत, खिडकी, फोटोग्राफरचा पांढरा शर्ट, सगळी खोली लहान होऊन दिसते. छतात सहा एलईडी स्पॉट असतील तर प्रत्येक झिंग्याच्या पाठीवर सहा टोकदार ठिपके येतात, आणि प्लेटमध्ये आठ झिंगे असतील तर नजर पदार्थावर ठरतच नाही. प्लेट कितीही फिरवली तरी हे ठिपके जात नाहीत, कारण बाहेर फुगलेल्या पृष्ठभागाचा कोणता ना कोणता भाग दिव्याला नेमक्या कोनात भेटतोच. म्हणून ठिपका हटवण्याच्या प्रयत्नात न पडता तो पसरवावा. छतावरचे सगळे दिवे बंद करून, खिडकीवर बटर पेपर किंवा पातळ पांढरे कापड ताणून, प्लेट तिच्यापासून दोन-तीन फुटांवर ठेवली की सहा ठिपक्यांच्या जागी पाठीच्या वळणाबरोबर जाणारा एकच मऊ पट्टा उमटतो. प्लेट खिडकीपासून लांब नेली तर तीच खिडकी झिंग्याच्या दृष्टीने लहान होते आणि पट्टा पुन्हा ठिपक्याकडे सरकतो, ही गोष्ट घाईत हमखास विसरली जाते. उजेड पदार्थाच्या मागून आणि थोडा बाजूने यावा, आणि समोरच्या बाजूला थर्माकोलचा पांढरा तुकडा उभा करावा, म्हणजे सावलीतली बाजू अगदी काळी पडत नाही.

सावजी झिंग्याच्या रश्श्यात मात्र गणित बदलते. रश्श्याचा पृष्ठभाग सपाट असतो, त्यामुळे तो आरशाचा नियम काटेकोर पाळतो: मागून चाळीस अंशांनी येणारा उजेड समोर चाळीस अंशांवरच्या कॅमेऱ्यात सरळ शिरतो आणि अख्खी वाटी पांढरी होते, तर कॅमेरा दहा-पंधरा अंशांनी वर उचलला की तो उजेड नाहीसा होऊन खालचा गडद रंग वर येतो. भाजलेल्या खोबऱ्याचा, खसखशीचा आणि काळ्या मसाल्याचा हा रस्सा मुळातच इतका गडद असतो की त्यावर सौम्य प्रतिबिंबही ठळक दिसते. येथे कोन साधावा तो असा, की वाटीच्या मागच्या काठाजवळ तर्रीवर एक अरुंद उजळ पट्टी राहील आणि बाकीचा रस्सा मोकळा दिसेल. ती पट्टीही काढली तर तर्री तेलासारखी न दिसता रंगवलेल्या पाण्यासारखी दिसते, आणि नागपूरकर खवय्या पहिल्यांदा तर्रीच पाहतो.

या टप्प्यावर बहुतेक जण पोलरायझर फिल्टरकडे, म्हणजे लेन्सवर बसवून फिरवायच्या, प्रतिबिंबाचा उजेड गाळणाऱ्या काचेकडे वळतात. तो उपयोगी आहेच, पण त्याची मर्यादा समजून घेतली पाहिजे. पाण्यावरून आणि तेलावरून परतणारा प्रकाश एका ठरावीक कोनात जवळपास पूर्ण ध्रुवीकृत होतो, म्हणजे त्याच्या लहरी एकाच दिशेत कंप पावतात आणि फिल्टर त्यांना अडवू शकतो. पृष्ठभागाला काढलेल्या लंबापासून मोजला तर हा कोन पाण्यासाठी सुमारे 53 अंश आणि खाद्यतेलासाठी सुमारे 56 अंश येतो. म्हणजे टेबलाच्या पातळीपासून साधारण पस्तीस अंश वर कॅमेरा असेल, तेव्हा रश्श्यावर फिल्टर सर्वांत प्रभावी ठरतो, आणि सरळ वरून काढलेल्या फोटोत तोच रस्सा जवळपास तसाच राहतो. स्टीलच्या ताटावरचे किंवा तांब्याच्या हंडीवरचे प्रतिबिंब फिल्टरने फारसे हलत नाही, कारण धातूवरून परतणारा प्रकाश अशा रीतीने ध्रुवीकृत होत नाही. तेथे दिव्याची जागाच बदलावी लागते. शिवाय फिल्टर दीड ते दोन स्टॉप उजेड खातो (एक स्टॉप कमी म्हणजे उजेड निम्मा), म्हणून कॅमेरा स्थिर ठेवायला ट्रायपॉड आवश्यक ठरतो.

फिल्टर पूर्ण फिरवला की आणखी एक बदल होतो. पृष्ठभागावरचा पांढरा पडदा सरताच झिंग्याचा केशरी-लाल रंग एकदम गडद होतो. हा रंग ॲस्टाझँथिन या द्रव्याचा असतो. कच्च्या झिंग्यात ते प्रथिनाशी बांधलेले असल्यामुळे निळसर-करडे दिसते आणि उष्णतेने प्रथिन मोडले की लाल होऊन मोकळे होते. फोटोत हा लाल रंग प्रमाणाबाहेर गेला, तर खाद्यरंग घातल्याचा संशय येतो. माझ्या मते फिल्टर फिरवताना प्रतिबिंब निम्मे कमी झाले की थांबावे आणि उरलेले तसेच ठेवावे.

उजेडाच्या बाबतीत नागपूरची स्वतःची एक अडचण आहे. उत्तरेकडच्या खिडकीत थेट ऊन येत नाही, हा सर्वसाधारण सल्ला येथे वर्षाचा बराच काळ लागू पडतो. पण मे-जूनमध्ये सूर्य पूर्वेच्या उत्तरेला उगवतो आणि पश्चिमेच्या उत्तरेला मावळतो, त्यामुळे सकाळी आणि संध्याकाळी त्या खिडकीतूनही ऊन आत येते आणि झिंग्यावर थेट ग्लेअर उमटतो. त्या महिन्यांत दुपारी काम करावे, मात्र कोरड्या हवेत पदार्थावरचा ओलावा फार लवकर उडतो, हे लक्षात ठेवून आधी रिकामी प्लेट ठेवून सगळी मांडणी करावी आणि झिंगे शेवटी आणावेत. हिवाळ्यात बटर गार्लिक झिंग्यावरचे लोणी गोठून पांढुरकी साय धरते. तिला अनेकदा ग्लेअर समजले जाते, पण ती दिवा हलवला तरी जागची हलत नाही. तिच्यावर ब्रशने गरम लोण्याचा एक हात फिरवणे पुरेसे असते. ग्लिसरीन शिंपडून आणलेली तकाकी मला मेन्यूकार्डासाठी मान्य नाही, कारण त्या फोटोवर विश्वास ठेवून मागवलेली प्लेट समोर येते तेव्हा त्यात ग्लिसरीन नसते.

छपाईत हा फरक आणखी उघडा पडतो. ग्लेअरच्या जागी शाई पडतच नाही, कोरा कागद तसाच राहतो आणि भोवतीच्या लाल रंगामुळे ते भोक वाटते. तकाकीच्या जागी फिकट का होईना, रंगाचे ठिपके उमटतात. मॅट लॅमिनेशनने तकाकी थोडी मंदावते, म्हणून त्यासाठीच्या फाइलमध्ये ती जराशी अधिक ठेवावी. ग्लॉसी लॅमिनेशन निवडायचे असेल तर आधी एकच प्रूफ छापून घ्यावे आणि ते हॉटेलच्या टेबलावर, रात्रीच्या नेहमीच्या दिव्यांखाली, ग्राहक धरतो तसे हातात धरून पाहावे, कारण छतावरचा दिवा प्लास्टिकमध्ये नेमका छापलेल्या झिंग्यावर उमटला, तर फोटोग्राफरने मेहनतीने टाळलेला ग्लेअर प्रत्येक ग्राहकाला पुन्हा दिसतो.