काठाखालचे भोक : युटाच्या घळींमधील रांजणखळग्यांच्या वादाची पार्श्वभूमी

अमेरिकेतील युटा राज्याच्या दक्षिण भागातल्या वालुकाश्माच्या अरुंद घळी उतरताना पाणी साचलेल्या रांजणखळग्यांमधून बाहेर कसे पडायचे, या प्रश्नाला आजवर मिळालेली उत्तरे बहुतेक साधनांची आहेत. भांडण मात्र प्रामुख्याने एकाच गोष्टीवरून झाले, आणि ती गोष्ट म्हणजे खळग्याच्या काठाखाली खडकात पाडलेले बोटाएवढे भोक.

खळगा काठोकाठ भरलेला असेल तर पोहत जाऊन काठावर पोट टेकायचे आणि सरपटत बाहेर यायचे, इतकेच काम असते. वाळूने भरलेला असेल तर तेवढेही नसते. पाणी काठापासून दीड-दोन मीटर खाली गेलेले, तळ पायाला लागत नाही आणि पुराने घोटलेल्या भिंतीला बोट रोवण्यापुरतीही खाच नाही, अशा अवस्थेतला खळगा माणसाला आत धरून ठेवतो. म्हणूनच तिथले लोक त्याला ‘कीपर’ म्हणतात. ज्याच्या आधाराने खाली उतरले तो मागचा दोर तोपर्यंत ओढून घेतलेला असतो, त्यामुळे परतीची वाट बंद झालेली असते. वरच्या पठारावर पारा चाळिशीला टेकलेला असताना तळाशी ऊन पोचत नाही आणि वेटसूट घातलेला माणूससुद्धा अर्ध्या तासात कुडकुडू लागतो. शिवाय जुलै ते सप्टेंबरमधला एखादा पूर खळग्यातली वाळू उपसून नेतो किंवा नवी आणून टाकतो, त्यामुळे गेल्या वर्षी गुडघाभर पाण्याचा असलेला खळगा यंदा तसाच असेल याची खात्री कोणी देऊ शकत नाही. निघोजला कुकडीच्या पात्रातले बेसॉल्टमधले खळगे काठावरून पाहिलेल्या वाचकाला आकाराची कल्पना येईल. फरक इतकाच की इथे पुढे जाण्याची वाट खळग्यातूनच जाते.

जुना इतिहास थोडक्यात सांगता येतो. या प्रदेशातल्या मूळ रहिवाशांनी कड्यांवर चढण्यासाठी वालुकाश्मात हातापायांच्या खोबण्या शेकडो वर्षांपूर्वी कोरल्या होत्या. १८७२ मध्ये सरकारी सर्वेक्षकांनी व्हर्जिन नदीची अरुंद दरी पार केली, १९०९ मध्ये त्या परिसराला संरक्षण मिळाले आणि १९१९ मध्ये झायन राष्ट्रीय उद्यान अस्तित्वात आले. पण ही सगळी हकिकत वाहत्या नदीच्या मुख्य पात्राची आहे. बाजूच्या लटकत्या घळींमध्ये दोर घेऊन उतरण्याचा नाद विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात लागला, आणि तोही सुरुवातीला मोजक्या प्रस्तरारोहकांना.

या मंडळींनी आपली नेहमीचीच साधने सोबत आणली. कड्यावर कृत्रिम आधाराने चढताना वापरायचा पोलादी हुक आणि दोरपट्टीची छोटी शिडी खळग्यातही उपयोगी पडली, परंतु हुकाला अडकायला जागा हवी आणि ती घोटलेल्या भिंतीत नव्हती. ती पाडली गेली. पाण्यात तरंगत, एका हाताने हातछिन्नी धरून आणि दुसऱ्या हाताने हातोडी चालवत कोणीतरी सेंटिमीटरभर रुंदीचे, किंचित खाली उतरते भोक पाडले. त्यात हुक टेकवला, शिडीवर पाय दिला आणि वर पुढचे भोक पाडले. झायनमधील इम्ले घळीत अशी भोके एकामागोमाग एका खळग्यात आहेत आणि पुढे त्या घळीत उतरलेले बहुतेक गट त्यांच्याच भरवशावर बाहेर पडले.

भोकाच्या बाजूने सांगण्यासारखे पुष्कळ आहे. बोल्ट ठोकला की धातू कायमचा चिकटून राहतो, भोकात काहीच उरत नाही आणि दोन पावलांवरून ते दिसतही नाही. गारठलेल्या, थकलेल्या गटाला तेच जगवते. विरोधकांचे म्हणणे असे की पहिल्या गटाने स्वतःच्या अडचणीपुरते पाडलेले भोक नंतर येणाऱ्या प्रत्येकासाठी घळीची काठिण्यपातळी बदलून टाकते, आणि ते बुजवता येत नाही. प्रस्तुत लेखकाला या वादात निर्णायक वाटतो तो मुद्दा मात्र दोन्ही बाजूंनी कमीच मांडला जातो : या घळींचा खडक, म्हणजे नवाहो वालुकाश्म, मऊ आहे, ओला झाला की आणखी ठिसूळ होतो, आणि पोलादी हुकाच्या प्रत्येक वापराबरोबर भोकाचा ओठ झिजतो. काही मोसमांनंतर ते वाडग्यासारखे उथळ होते, हुक निसटू लागतो आणि शेजारी दुसरे भोक पडते. म्हणजे एकदाच केलेली तडजोड म्हणून ज्याचे समर्थन झाले, ते प्रत्यक्षात दर काही वर्षांनी पुन्हा करावे लागणारे काम ठरते.

शतक पालटण्याच्या सुमारास आणि नंतरच्या दशकात खडकाला हात न लावता निसटण्याच्या युक्त्या पुढे आल्या. त्यातली सर्वांत गुणकारी युक्ती अगदी साधी आहे : जाड कापडाच्या पिशवीत घळीतलीच वाळू भरायची, तिला दोर बांधायचा आणि ती पलीकडच्या काठावरून पुढच्या खळग्यात भिरकावायची. पिशवीचे वजन आणि काठावरचे घर्षण मिळून दोर धरून ठेवतात. एक पिशवी पुरत नसेल तर दोन-तीन टाकायच्या. फेकीसाठी पाय टेकायला जागा लागते, ती नसेल तर जोडीदार पाण्यात खाली राहून दुसऱ्याला खांद्यावरून वर ढकलतो. वाळू भरलेल्या कापडावर दोर अडकवून उतरायचे आणि नंतर ते कापडही ओढून घ्यायचे, ही पद्धतही याच विचारातून रुजली. मागे काहीही न ठेवता उतरणे हा काहींसाठी नियमच झाला. त्यात अहंकाराचाही अंश होता, हे नाकारण्यात अर्थ नाही : पिशवी नेमकी फेकता येण्यासाठी सराव लागतो, आणि तो नसलेल्या गटाला भोकाविना घळीत पाठवणे म्हणजे तत्त्वापायी जीव टांगणीला लावणे आहे. प्रचलित श्रेणीपद्धतीही इथे फारशी मदत करत नाही. ‘३-बी’ या खुणेतले ‘बी’ अक्षर खोल, साचलेले पाणी आहे एवढेच सांगते. ते काठापासून किती खाली आहे हे सांगत नाही.

अलीकडचा इतिहास कायद्याचा आहे. १९६४ च्या वन्यक्षेत्र कायद्याने यंत्रचलित उपकरणांना मनाई केली आणि २००९ मध्ये झायनचा बहुतांश भाग त्या कायद्याखाली आल्यावर तिथे विजेवर चालणारे ड्रिल पूर्णपणे निषिद्ध ठरले, हातछिन्नीचा प्रश्न मात्र उरला. २०२३ मध्ये संघीय यंत्रणांनी वन्यक्षेत्रातील कायमस्वरूपी अँकर (दोर अडकवण्यासाठी खडकात ठोकलेले बोल्टसारखे आधार) हे मुळातच निषिद्ध बांधकाम मानण्याचा मसुदा आणला, त्यावर मोठा गदारोळ झाला, आणि जानेवारी २०२५ मध्ये राष्ट्राध्यक्षांची स्वाक्षरी झालेल्या कायद्याने अँकरना सशर्त मान्यता देण्याची दिशा धरली. ही सगळी चर्चा खडकात मागे राहणाऱ्या धातूची होती. हुकाच्या भोकात धातू राहतच नाही, त्यामुळे अँकरसाठी घातलेल्या अटी त्याला लावायच्या कशा हा प्रश्न तसाच आहे; त्याला लागू पडतो तो राष्ट्रीय उद्यानातील खडकाला इजा करण्यास मनाई करणारा जुना, सर्वसाधारण नियम.