रिसीव्हर हॉट शूवर बसवला की कॅमेरा दुरून क्लिक होतो?

सिद्धेश्वर यात्रेत नंदीध्वजांची मिरवणूक वरून टिपायला गच्चीच्या कठड्याला कॅमेरा बांधायचा म्हटलं, की सोलापुरात एक जुना सल्ला हमखास मिळतो: "फ्लॅशचा वायरलेस ट्रिगर आहे ना? रिसीव्हर हॉट शूवर लावा, खालून बटण दाबा."

तसं होत नाही. ट्रिगरचे दोन भाग असतात: बटण असलेला ट्रान्समीटर इशारा पाठवतो, रिसीव्हर तो घेतो. हॉट शू म्हणजे कॅमेऱ्याच्या माथ्यावरची फ्लॅश बसवायची खाच. तिच्या मधल्या पिनचं काम एकाच दिशेचं: शटर उघडलं की कॅमेरा फ्लॅशला इशारा देतो. शटर दाबायची सोय त्या पिनमध्ये नाही. गैरसमज साहजिक आहे. रिसीव्हर शूवर नीट बसतो, दिवाही लुकलुकतो.

लागते शटर केबल. एक टोक रिसीव्हरच्या शटर सॉकेटला, दुसरं कॅमेऱ्याच्या रिमोट सॉकेटला. केबलची पिन कॅमेऱ्याच्या मॉडेलप्रमाणे बदलते. कॅननच्या बऱ्याच साध्या बॉडींना २.५ मिमी जॅक चालतो. त्यात टोक शटरचं, मधली कडी फोकसची, मुळाचा भाग ग्राउंड.

खात्री करायची तर आधी केबलशिवाय ट्रान्समीटरचं टेस्ट बटण दाबा. शटर हलणार नाही. मग केबल जोडून दाबा. फोकस मात्र मॅन्युअलवर ठेवा. ऑटोफोकस जमला नाही तर शटर अडतं आणि दोष ट्रिगरला लागतो.

फ्लॅशही हवा असेल तर खरी गोची इथे होते. एकाच चॅनलवर फ्लॅश लगेच उडतो, शटर मात्र किंचित उशिरा उघडतं, त्यामुळे फ्लॅशचा उजेड फोटोत येतच नाही. म्हणून कॅमेऱ्याच्या रिसीव्हरला वेगळा चॅनल द्या, फ्लॅशसाठी हॉट शूवर दुसरा ट्रान्समीटर लावा आणि शटर १/२०० सेकंद किंवा त्याहून कमी वेगावर ठेवा.