हाड जुळलं, गादी का जुळेना?

मेसीचा 10 नंबर पाठीवर मिरवणारी पोरं गोव्यात कुठल्याही वाड्यावर सापडतील. मेसी क्लब सोडून गेल्यावर 2021मध्ये बार्सिलोनाने तो नंबर आन्सू फातीला दिला. फातीचा जन्म गिनी-बिसाऊतला, म्हणजे गोव्यासारख्याच एका जुन्या पोर्तुगीज वसाहतीतला. 2019च्या ऑगस्टमध्ये, सोळाव्या वर्षी, तो पहिल्या संघातून खेळला. त्याच डिसेंबरात इंटर मिलानविरुद्ध गोल मारून 17 वर्षे 40 दिवसांचा हा पोरगा चॅम्पियन्स लीगमधला सर्वांत लहान गोल करणारा ठरला. वर्ष उलटायच्या आत स्पेनसाठीही गोल झाला. आणि 7 नोव्हेंबर 2020 रोजी, रेआल बेटिसविरुद्ध, त्याच्या डाव्या गुडघ्यातली आतल्या बाजूची गादी फाटली.

क्लबने साधारण चार महिने सांगितले होते. पुन्हा पुन्हा शस्त्रक्रिया झाल्या आणि फाती मैदानात उतरला तो थेट 26 सप्टेंबर 2021ला.

गंमत अशी की याआधी, तेराव्या वर्षी, अकादमीत खेळताना त्याच्या पायाची दोन्ही हाडं मोडली होती. दिसायला ती दुखापत कितीतरी भयंकर. तरी हाडं जुळली आणि पोरगा चार वर्षांच्या आत वरच्या संघात पोचला. मग बोटाएवढ्या गादीने एवढं का छळावं?

उत्तर रक्तात आहे. हाडाला भरपूर रक्तपुरवठा असतो. मोडलेल्या जागी रक्त साकळतं, त्यातून नव्या पेशी कामाला लागतात आणि तुटलेल्या जागी खरंखुरं हाड तयार होतं. गुडघ्याच्या गादीला, म्हणजे मेनिस्कसला, ही चैन नाही. जन्मतः तिच्यात सगळीकडे रक्तवाहिन्या असतात. पण मूल चालू-धावू लागतं तशा त्या आतून मागे सरतात आणि दहाव्या वर्षाच्या सुमारास फक्त बाहेरच्या कडेला उरतात. गादीच्या रुंदीचा 10 ते 30 टक्के भाग, बस. आतला भाग सांध्यातल्या द्रवावर जगतो. तिथे चीर पडली तर ती आपण होऊन भरून येणं जवळजवळ अशक्य. ‘वय लहान आहे, लवकर भरेल’ हे प्रत्येक मैदानावर ऐकू येणारं वाक्य हाडाला लागू पडतं. गादीच्या बाबतीत अठरा वर्षांचा खेळाडू म्हातारा नसला तरी प्रौढच.

ही गादी करते काय? मांडीच्या हाडाचं टोक गोल, नडगीच्या हाडाचा माथा सपाट. डोक्यावर घागर बसावी म्हणून खाली चुंबळ ठेवतात, तशा दोन चंद्रकोरी या दोघांच्या मधे बसलेल्या असतात. पाय सरळ असताना गुडघ्यावरचा निम्म्याहून अधिक भार त्या पेलतात, वाकवल्यावर त्याहूनही जास्त. भार आला की त्या बाहेर सरकू पाहतात आणि कडेने फिरलेले तंतू त्यांना आवळून धरतात. ते तंतू आडवे कापले गेले की चुंबळ सुटली. कापड तेवढंच, पण घागर टेकत नाही.

एके काळी डॉक्टर ही गादी बिनकामाची समजून सरळ काढून टाकत. 1948मध्ये फेअरबँक या इंग्लिश सर्जनने अशा गुडघ्यांचे एक्स-रे तपासून सांध्यात होणारे बदल दाखवले, तरी ती पद्धत पुढे कितीतरी वर्षं चालली. आजही पेच तोच आहे. फाटका तुकडा कापला तर खेळाडू काही आठवड्यांत मैदानात, पण पुढे सांधा झिजण्याचा धोका. टाके घातले तर गादी वाचते, पण महिनोन्महिने थांबायचं आणि टाका टिकेलच याची हमी नाही. अठरा वर्षांच्या गुडघ्याला शक्य तिथे टाकाच घालावा असं मला वाटतं. स्पर्धेची फायनल परवावर आली असली तरीही.

एवढ्यावर भागत नाही. सुजलेला गुडघा मज्जासंस्थेला सतत इशारे धाडतो आणि मांडीच्या पुढच्या स्नायूची ताकदच आवरली जाते. निरोगी गुडघ्यात थोडं सलाईन टोचलं तरी, दुखत नसतानाही, हा स्नायू ढिला पडतो. दीर्घ विश्रांतीत मांडीच्या मागचा स्नायू, म्हणजे हॅमस्ट्रिंगही दुबळा होतो. मग खेळाडू परततो आणि पहिल्या दिवसापासून पूर्वीच्याच वेगाने धावू पाहतो. पाय पुढे फेकून जमिनीवर टेकण्याच्या आधीच्या क्षणी हॅमस्ट्रिंग ताणलं जात असतानाच ब्रेकही लावत असतं आणि बहुधा तिथेच फाटतं. फातीचं हॅमस्ट्रिंग 2021च्या नोव्हेंबरात सेल्टाविरुद्ध गेलं आणि 2022च्या जानेवारीत बिल्बाओत पुन्हा, त्याच डाव्या पायाचं. या वेळी त्याने शस्त्रक्रिया नाकारली. पुढे क्लब बदलले, ब्रायटन, मग मोनाको. बार्सिलोनाचा 10 नंबर आता लामिन यामालकडे आहे.

गादी फाटणं प्रत्येक वेळी टाळता येत नाही. कुणाचा पाय कधी आडवा येईल याचा नेम नसतो. हॅमस्ट्रिंगचं मात्र बरंच काही आपल्या हातात आहे. गुडघ्यांवर बसायचं, जोडीदाराने घोटे दाबून धरायचे आणि कंबर न वाकवता हळूहळू पुढे झुकत जायचं. नॉर्डिक नावाच्या या व्यायामाने, अनेक अभ्यास एकत्र करून पाहिलं तर, या दुखापती जवळपास निम्म्यावर येतात. ना जिम लागते, ना यंत्र. फातोर्ड्याच्या स्टेडियममध्ये जमतो तसा सत्तरी तालुक्यातल्या एखाद्या घराच्या पडवीतही जमतो, म्हणून पावसाळ्यात मैदानं पाण्याखाली असतात तेव्हाच सुरू करावा. सुरुवातीला मांड्या सडकून दुखतात आणि पोरं तिथेच सोडून देतात. पहिल्या आठवड्यात एकच दिवस, पाच-पाचच्या दोन फेऱ्या, एवढंच ठेवलं तर दुखणं सोसवतं. मग आठवड्यागणिक वाढवत न्यायचं.