मोका पॉट की एस्प्रेसो? फरक दाबाचा

मोका पॉट म्हणजे गॅसवर ठेवून कॉफी करायचं भांडं. त्याची कॉफी सर्रास ‘गॅसवरचा एस्प्रेसो’ म्हणून खपवली जाते. तो एस्प्रेसो नव्हे. दोन्ही इटलीचे, दोन्ही काळेभोर आणि कडक. पण एक कॉफी बारच्या काउंटरशी उभ्याउभ्या प्यायचा, दुसरी घरी उकळायची.

एस्प्रेसोचं यंत्र नव्वदेक अंशांचं पाणी ९ बार दाबाने (एक बार म्हणजे साधारण हवेच्या दाबाइतका दाब), ठासून बसवलेल्या ७ ग्रॅम पावडरीतून ढकलतं. साधारण २५ सेकंदांत २५ मिलिलिटर कॉफी पडते. वरचा तपकिरी फेस, म्हणजे क्रेमा, एवढ्या दाबाशिवाय धरत नाही. धार १५ सेकंदांतच संपली तर दळण जाड आहे, कॉफी आंबट लागेल. ४० सेकंद लागले तर दळण फार बारीक, कॉफी कडवट. पंप, बॉयलर आणि हात बसलेला माणूस, हे सगळं घरोघरी कुठून येणार? म्हणून एस्प्रेसो कॉफी बारचा झाला: दोन घोट घ्यायचे, चार शब्द बोलायचे, निघायचं.

गोंधळाचं मूळ मात्र जुनं आहे. मिलानच्या लुइजी बेझेराने १९०१ साली पेटंट घेतलं ते यंत्र वाफेवर चालायचं, दाब जेमतेम दीड बार. म्हणजे तेव्हाचा एस्प्रेसो आजच्या मोकाच्या जवळचाच! दुसऱ्या महायुद्धानंतर आकिले गाज्जाच्या दांड्याच्या यंत्राने दाब वाढवला आणि वाटा वेगळ्या झाल्या.

अल्फोन्सो बियालेत्तीचा ॲल्युमिनियमचा अष्टकोनी मोका १९३३ चा. खालच्या भांड्यात वाफ साठते, पाणी नळीतून वर चढतं, दाब एक-दोन बारच. पाणी सेफ्टी व्हॉल्व्हच्या खालीच ठेवा. मधल्या चाळणीत पावडर काठोकाठ भरा, पण दाबू नका. एस्प्रेसोइतकं बारीक दळण तर नकोच. पाण्याची वाट तुंबते, दाब नको तितका चढतो. आच मंद हवी. खळखळ सुरू झाली की लगेच उतरवा, कारण आता पाणी संपत आलं, वाफ पावडर जाळते आहे. सांध्यातून वाफ फुसफुसत असेल तर रबराची रिंग बदला.

ना वीज लागते, ना पंप. त्यामुळे कडक कॉफीसाठी बार गाठायची गरज उरली नाही. अल्फोन्सोच्या मुलाने, रेनातोने, युद्धानंतर जोरदार जाहिरात करून हे भांडं इटलीत घरोघरी नेलं. २०१६ मध्ये तो वारला, तेव्हा त्याच्या अस्थीही मोका पॉटच्याच आकाराच्या कलशात ठेवल्या होत्या.